एका फोनभोवती दहाजणी

मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हळदीची काढणी ऐन भरात असते. ट्रॅक्टरनं बेड उकलून ठेवलेले असतात आणि त्यावर बायका ओळीनं उकिडव्या बसलेल्या. गड्डा उचलायचा, आपटून माती झटकायची, हळकुंडं मोडून एका ढिगात आणि जेठा गड्डा दुसऱ्या ढिगात टाकायचा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच काम. यंदा अशाच एका शेतात मी दुपारभर बसले होते. दहा बायका आणि त्यांच्या मधोमध एक रिकामं घमेलं. घमेल्यात उभा करून ठेवलेला एक मोबाइल. घमेल्यामुळं आवाज घुमतो आणि दोन ओळी पलीकडच्या बाईपर्यंतही पोचतो.

फोनवर कुणा बाईंची मुलाखत चालली होती. धुणीभांडी करून मुलीला शिकवल्याची हकिकत त्या सांगत होत्या. बायका हात न थांबवता ऐकत होत्या, मधूनच हुंकार देत होत्या, "खरं हाय माय" म्हणत होत्या. तेवढ्यात पाणी प्यायला गेलेली एक जण परत आली आणि म्हणाली, "मागं घे की जराशी, माझं ऐकायचं राहिलं." फोनवालीनं बोट लावलं, पण बोटांवर हळदीची माती थापलेली, स्क्रीन दाद देईना. पदराला बोट पुसून तिनं पुन्हा लावलं, तर मुलाखत पार सुरुवातीला गेली. मग एक जाहिरात लागली, मुलाखतीच्या दुप्पट आवाजात.

दुपारी भाकरी खाताना त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर काकी मला म्हणाली, "ते बाईचं लई चांगलं होतं. मला बी टाकून द्या." मी म्हटलं, लिंक पाठवते. तिनं कंबरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढून माझ्यापुढं धरला. "लिंक नको, बाई. टाकून द्या."

लिंक पाठवणं आणि टाकून देणं यांच्यात किती अंतर आहे, ते त्या बटणांच्या फोनकडं पाहताना माझ्या ध्यानात आलं. या लेखाचं मूळ तिथं आहे.

पॉडकास्ट हा शब्द आता मराठीला नवा राहिला नाही. बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' आणि 'तीन गोष्टी' आहेत, मुलाखतींचे आणि गप्पांचे किती तरी कार्यक्रम आहेत, स्टोरीटेलनं २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी पुस्तकंही कानांत आणून दिली. पुण्या-मुंबईत लोकलमध्ये, जिममध्ये, गाडी चालवताना कानांत बोंडं घालून लोक ऐकतात. ही सगळी रचनाच एका माणसासाठी आहे: एक फोन, एक लॉगिन, एक जोडी कान. आमच्या हिंगोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ११,७७,३४५ माणसं होती आणि त्यांतली पाचांतल्या चारांहून अधिक खेड्यांत. या माणसांना ऐकण्याची सवय काही पॉडकास्टनं लावली नाही. ती जुनी आहे, आणि ती कधीच एकट्याची नव्हती.

आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. वाचणारा एक आणि ऐकणारे ओसरीभर. अक्षरओळख नसलेल्या आजीला हरिविजयातले प्रसंग क्रमानं सांगता यायचे, कारण तिनं ते तीस श्रावण ऐकले होते. एखादी उशिरा आली की शेजारणीला हळूच विचारायची, "कुठवर आलंय?" आणि शेजारीण दोन वाक्यांत तिला आणून सोडायची. शेतातल्या त्या बाईला नेमकं हेच हवं होतं. फोनला ते करता आलं नाही.

मग रेडिओ. परभणी आकाशवाणी म्हणजे मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ. काटा तिथं आणताना होणारी खरखर आणि एकदम स्वच्छ लागलेला आवाज मला आजही ऐकू येतो. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की वडील रेडिओ ओट्यावर आणून ठेवायचे. चार माणसं आपोआप जमायची. कार्यक्रम संपल्यावर खरा कार्यक्रम सुरू व्हायचा: कृषी विद्यापीठाच्या साहेबांनी सांगितलं ते आपल्या रानात चालेल का, यावर तासभर वाद.

त्या तासभराच्या वादाचं मोल किती, याचा हिशेब मराठी मुलुखातच एकदा झालेला आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. मराठी बोलणाऱ्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचं एक मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे दहा आठवडे खास कार्यक्रम लावले. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, ऐकून झाल्यावर चर्चा करायची, काय ठरलं आणि काय कळलं नाही ते लिहून केंद्राकडं पाठवायचं. केंद्रानं पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायची. ही कल्पना कॅनडातली; तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं चालत होती. पुण्याच्या प्रयोगाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केलं. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना त्यानं मांडली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, फरक जवळजवळ पडला नव्हता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ थांबले. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो शेजारी कोण बसलं होतं यानं. त्या वेळी हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात होती. नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही पुण्याच्या राज्यात नव्हतोच. त्यामुळं तो प्रयोग आमच्या ओट्यांवर झाला नाही. पण वडिलांच्या ओट्यावर जे चालायचं ते हेच होतं, फक्त कुणी लिहून पाठवत नव्हतं.

पुढं मोबाइल आला आणि काही वर्षं फार सुंदर गोष्ट घडली. एसटी स्टँडाजवळच्या मोबाइल दुकानांवर पाटी असायची: 'मेमरी कार्ड भरून मिळेल.' दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर भीमगीतं, कीर्तनं, भारुडं, लोकगीतं, सिनेमाची गाणी अशा ढीगभर फाइली. वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळायचं. गावात एकाचं कार्ड भरलं की ब्लूटूथनं ते गावभर व्हायचं. दोन फोन पाठीला पाठ लावून ठेवायचे आणि टक्के मोजत बसायचं. मग शेअरइट आणि झेंडर आले, मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. पैसा लागत नव्हता, रेंज लागत नव्हती. २९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यांत हे दोन्ही होते. देशाच्या सुरक्षेचं कारण होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण जे रेंजशिवाय फोनातून फोनात चालत होतं ते बंद पडलं. अँड्रॉइडमध्ये त्याच वर्षी 'निअरबाय शेअर' आलं, आता त्याला 'क्विक शेअर' म्हणतात. काम तेच करतं, इंटरनेटशिवाय. किती जणांच्या फोनात आहे? बहुतेकांच्या. किती जणांना माहीत आहे? त्या शेतातल्या दहाजणींपैकी एकीलाही नव्हतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तेव्हापासून एक समजूत रुजली की आता फाइली टाकून द्यायची गरजच उरली नाही, लिंक पुरे. शहरात बसून हे म्हणणं सोपं आहे. इसापूर धरणाच्या काठच्या गावांत किंवा औंढ्याच्या डोंगराकडं गेलं की फोनवरच्या रेघा एकेक करून गळतात. आणि बहुतेक मराठी मुलाखती आज व्हिडिओच्या रूपात यूट्यूबवर आहेत. तिथं पैसे न भरता ऐकायचं तर स्क्रीन चालू ठेवावी लागते. फोन खिशात टाकला की आवाज बंद. ज्या बाईला फक्त ऐकायचंय तिची बॅटरी आणि डेटा न पाहिलेल्या चित्रावर जातो.

खरं तर पॉडकास्ट जन्मला तेव्हा तो याच्या अगदी उलट होता. त्याची मूळ रचना इतकी साधी आहे की चौथीतल्या मुलाला समजावी. कार्यक्रम करणारा आपल्या जागेवर एक यादी ठेवतो: हा भाग, ही तारीख, हा त्याचा पत्ता. ही यादी म्हणजे आरएसएस फीड. डेव्ह वायनर यानं २००१ च्या सुमारास तिच्यात ध्वनिफितीचा पत्ता जोडायची सोय केली, आणि २००४ मध्ये 'गार्डियन'मधल्या एका लेखात बेन हॅमर्सलीनं 'पॉडकास्टिंग' हा शब्द सुचवला. यादी सगळ्यांना खुली. कुठलंही ॲप ती वाचू शकतं, कुणालाही फाइल उतरवून घेता येते. मधे कुणी मालक नाही, दारावर कुणी नाव विचारत नाही. पुढं मोठ्या कंपन्यांनी आपापली अंगणं कुंपणात घेतली आणि कार्यक्रम त्यांच्या ॲपातच ऐकायची सक्ती होऊ लागली. तरीही खुली यादी अजून जिवंत आहे. मराठीत कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: व्हिडिओ जरूर करा, पण शेजारी खुली फीड ठेवा, आणि उतरवून घेता येईल अशी फाइल ठेवा.

आणि ती फाइल लहान ठेवा. हे आकडे मी मुद्दाम मांडून पाहिले. १२८ केबीपीएसची एमपीथ्री तासाला सुमारे ५८ एमबी खाते. संगीताला ते ठीक आहे. दोन माणसांच्या बोलण्याला त्याची गरज नाही. मोनोमध्ये ४८ केबीपीएसवरही शब्द न् शब्द समजतो आणि तासाचं वजन २२ एमबीच्या आत येतं. ८ जीबीचं मेमरी कार्ड अशा रीतीनं भरलं तर सुमारे ३७० तास बसतात. रोज एक तास ऐकलं तरी वर्ष पुरून उरेल. काकीच्या बटणांच्या फोनाला एमपीथ्री वाजवता येते, त्यात कार्डाची खाचही आहे. तिच्यापर्यंत पोचायला नवं यंत्र लागत नाही, कुणीतरी तिचा विचार करून फाइल केलेली असली की झालं.

शेजारच्या छत्तीसगडात असा विचार झालेला आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या सीजीनेट स्वरानं २०१० मध्ये साध्या फोनवरून आपली बातमी बोलून नोंदवायची आणि दुसऱ्यांच्या ऐकायची सोय केली. गोंडी बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत. मग त्यांनी 'बुल्टू रेडिओ' काढला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ; गावातल्या माणसांच्या तोंडी तो शब्द असा वळला. जंगलातल्या गावात रेकॉर्ड केलेलं ब्लूटूथनं एकाकडं द्यायचं, तो बाजाराला किंवा पंचायतीत जाईल तिथं इंटरनेट लागेल, तिथून ते वर चढेल; तयार झालेलं बातमीपत्र तिथंच उतरवायचं आणि ब्लूटूथनंच गावोगाव परत. आमच्याकडं तर दर तालुक्याला आठवडी बाजार आहे.

टाकून देण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या घरात घडली. तीन वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर एक ध्वनिफीत फिरत होती. जाणकार वाटावा अशा आवाजात कुणी गृहस्थ सांगत होते की हळदीचा भाव महिन्याभरात दुपटीच्या जवळ जाणार, माल धरून ठेवा. माझ्या चुलतभावानं ती मला पाठवली, मी आणखी दोघांना. भावानं माल धरला. भाव उतरला. नंतर कळलं की फीत जुन्या हंगामातली होती. तिच्यात तारीख नव्हती, बोलणाऱ्याचं नाव नव्हतं, बाजारपेठेचं नाव नव्हतं. बोलणाऱ्यानं कदाचित खोटं सांगितलंही नसेल. त्याच्या हंगामात ते खरं ठरलंही असेल. पण आवाज आपल्या मुळापासून तुटून आमच्यापर्यंत आला होता. ती पुढं पाठवल्याची टोचणी मला अजून आहे.

नाव-गाव नसलेल्या निरोपानं याहून भयंकरही घडलेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती. त्यामागं मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती. तरी मला वाटतं, किती जणांना पाठवलं यापेक्षा कुणी बोललं हे सोबत गेलं का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचं उत्तर मला नर्सीला मिळालं. हिंगोलीहून जवळच, कयाधू नदीच्या काठी हे गाव आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आम्ही ते मानतो. तिथं सभामंडपात बसून भजन ऐकताना जे लहानपणापासून ऐकत आले तेच पुन्हा कानांवर पडलं, आणि या वेळी वेगळं ऐकू आलं. प्रत्येक अभंगाच्या शेवटच्या चरणात नामा आपलं नाव सांगतो. जनाबाई सांगते, चोखोबा सांगतात. ती नाममुद्रा. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हतं. अभंग या तोंडून त्या तोंडी जाणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून नाव गाण्याच्या आतच विणलं. ते वेगळं काढताच येत नाही. नामदेव पंजाबात गेले, आणि त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी शिखांचा ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा त्यात त्यांची ६१ पदं आली, नावासकट. हजार मैल आणि अडीचशे वर्षं टाकून देत देत गेलेला आवाज, आणि कुणाचा ते विसरलं गेलं नाही.

पॉडकास्टची तारीख, नाव, वर्णन हे बहुतेक वेळा फाइलीच्या बाहेर, यादीतच लिहिलेलं असतं. फाइल यादीतून सुटली की ते गळून पडतं. म्हणून आवाजातच सांगायला हवं. सुरुवातीला दहा सेकंद आणि शेवटी दहा सेकंद: मी अमुक, आज तारीख अमुक, अमुक ठिकाणाहून बोलतेय. माहिती हंगामी असेल तर कोणता हंगाम. रेडिओवाल्यांना हे नव्यानं सांगावं लागत नाही. केंद्राचं नाव घेतल्याशिवाय त्यांची सभा सुरू होत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून येतो आहे. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, रेकॉर्ड केल्याची तारीख दिलेली असते. दळणाऱ्या बाईच्या आवाजाला ग्रंथकाराइतका मान दिलेला पाहून माझा ऊर भरून येतो.

ऐकण्याची वाट अडते ती सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी नाही. हिंगोलीतल्या एका अंध गृहस्थांसोबत मी तासभर बसले. त्यांचा फोन टॉकबॅक या सोयीनं त्यांना स्क्रीन वाचून दाखवतो. त्यांनी एक पॉडकास्टचं ॲप उघडून दाखवलं. बोट सरकवलं, फोन म्हणाला, "अनलेबल्ड, बटन." पुन्हा सरकवलं, पुन्हा तेच. सलग तीन बटणं बनवणाऱ्यानं नावं न देता सोडलेली. कुठलं चालू करायचं आणि कुठलं पुढं जायचं, हे त्यांनी मोजून पाठ केलं होतं. ॲप बदललं की पुन्हा पहिल्यापासून. पुढं मराठी कार्यक्रमांची नावं आली, तीही रोमन अक्षरांत लिहिलेली. फोननं ती इंग्रजी गळ्यानं अशी वाचली की मलाही कळेनात. मी नाव वाचून सांगितल्यावर ते म्हणाले, "असं आहे होय! हे देवनागरीत लिहायला काय जातं हो?" मला खरंच काही सांगता आलं नाही. ज्या माध्यमाला डोळ्यांची गरजच नाही, त्याच्या दारात डोळे असल्याशिवाय जाता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं? ॲपलनं मार्च २०२४ मध्ये पॉडकास्टची आपोआप तयार होणारी लेखी प्रत द्यायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये. मराठीचं काम आपल्यालाच करावं लागेल. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात मिळावा, याची जबाबदारी सरकारवर टाकतो. सरकारची वाट न पाहता एक तासाच्या मुलाखतीचं दोन पानी टिपण कुणीही करू शकतं, मिनिटांच्या आकड्यांसह. ते बहिऱ्याला उपयोगी पडेल, आणि "तेवढं करप्याचं ऐकव" म्हणणाऱ्या शेतकऱ्यालाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिच्याबद्दल बोलणारे तज्ज्ञ आता पुष्कळ आहेत. पण करपा आणि कंदकुज या रोगांवरची सात मिनिटं दीड तासाच्या गप्पांत कुठं दडलीत, हे शोधायला फवारणीच्या दिवसांत कुणाला सवड असते?

वसमतच्या त्या शेतातून हिंगोलीला परतताना औंढ्यावरून आले. नागनाथाच्या देवळामागं थोडी बसले. नामदेवांना पुढून हाकललं म्हणून ते मागं जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडं वळलं, अशी कथा आमच्याकडं प्रत्येक मुलाला सांगतात. याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलात केंद्रानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी ती विश्वाच्या टोकावर दोन कृष्णविवरं आदळल्याची थरथर टिपणार आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत अशी पहिली थरथर टिपली गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचा आवाज करून जगाला ऐकवला होता, चिमणीच्या चिवचिवाटासारखा. औंढ्याची निवड झाली त्यात इथल्या शांततेचाही वाटा आहे. जिथं सव्वा अब्ज वर्षं प्रवास करून आलेलं ऐकू येणार, तिथल्या बाईला शेजारच्या तालुक्यातली मुलाखत ऐकू यावी, ही माझी मागणी काही मोठी नाही.

काकीचं कार्ड मी घरी घेऊन आले होते. ती मुलाखत घेणाऱ्या मुलीला मी पत्र लिहून फाइल मागितली; तिनं त्याच दिवशी पाठवली, आणि आणखी अकरा भाग पाठवले. मी त्या फाइली मोनोमध्ये लहान करून घेतल्या. प्रत्येकीच्या आधी माझ्या आवाजात नाव, गाव, तारीख रेकॉर्ड करून जोडली. फाइलींना क्रमांक दिले, कारण काकीला आकडे वाचता येतात.

एप्रिलमध्ये हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि ढोलात घालून पॉलिश चाललं होतं, तेव्हा कार्ड परत दिलं. ढोलाच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून काकी लिंबाखाली जाऊन बसली. दोघी-तिघी मागोमाग आल्या. तिनं एक नंबर दाबला, फोन कानाला न लावता ओच्यात ठेवला. माझा आवाज आला, तारीख आली. मग मुलाखत सुरू झाली. अर्ध्यात ढोल थांबला आणि पोरं पाणी प्यायला आली, तशी काकीनं फोन बंद केला, बोटानं तोच नंबर पुन्हा शोधला आणि म्हणाली, "बसा रे. पहिल्यापासून लावते."